स्वयंपाकघराच्या भिंतीतली नळी

२९ मार्च २०१९, शुक्रवार

मी बोललेलं ह्या घरात तिसऱ्या दिवशी फिरतं. सून म्हणते, तुमी असं म्हणलाच न्हाईत. पोरगा म्हणतो, आई, तुझं वय झालं. म्हणून आजपासून लिहून ठेवते. वही नातीची आहे, मागची पानं कोरी पडली होती. अक्षरं मी साक्षरतेच्या वर्गात शिकले, तेव्हा पोराला, भारतला, मिसरूड फुटलं होतं. वेलांटी चुकली तर चुकली, वाचणारी मीच.

मालनला, म्हणजे सुनेला, उभ्यानं स्वयंपाक करायचाय. काळा दगडी ओटा, मागं पांढऱ्या फरशा. गाव घागरी मांडून टँकरची वाट बघतंय आणि आम्ही सिमेंट कालवतोय. मी बोलले तर भारत म्हणाला, "सुग्रीवअण्णा त्यांच्या बोअरचं पाणी देणारेत, आई." तिथंच मला खटकलं. सुग्रीव वाड्यावरच्या मोहनरावाचा पोरगा. मोहनरावानं उभ्या जन्मात आम्हाला फुकट दिलेली वस्तू म्हणजे दिवाळीचं कॅलेंडर.

आज म्हाळू गवंड्यानं जुन्या चुलीमागची भिंत फोडायला घेतली. चार घाव बसले, पाचव्याला ठण्ण वाजलं. म्हाळूनं हत्यार खाली ठेवलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग मला म्हणाला, "आजी, तुमी जरा बाहेर बसा. धूळ लई हाय."

"तोंड सरळ कर, म्हाळू. ह्या भितीत हंडा असता तर पन्नास वर्षं तिच्यापुढं धूर खात बसले असते व्हय मी?"

हंडा नव्हताच. लोखंडी नळी निघाली, अंगठ्याएवढी जाड. म्हाळू म्हणाला, गॅसची हाय, आणि उजेडाला काडी ओढायला निघाला. मी काडेपेटी हिसकून घेतली. "आधी घर उडव, मंग ओटा बांध." तो हसला, म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाचा गॅस. पण मालननं साबणाचा फेस आणून नळीला सगळीकडून लावला. बुडबुडा काही आला नाही. ह्या बाबतीत सून माझ्यासारखी आहे, कशावर विश्वास ठेवत नाही.

भारत पाटोद्याहून आला. तिथं तहसीलीत कारकून आहे तो. नळी बघितली आणि म्हणाला, "बुजवून टाक, म्हाळू. उद्याच्या उद्या." कसली नळी, कुठून आली, काही नाही. घरात साप निघाला तरी माणूस विचारतं कुठून आला. ह्यानं विचारलं नाही. म्हणजे ह्याला आधीच माहीत आहे.

मी म्हाळूला सांगितलं, मी सांगेपर्यंत नळीला हात लावशील तर बघ.

३० मार्च

म्हाळूनं भिंतीच्या पलीकडून उकरलं. नळी बोळातून सरळ मोहनरावाच्या वाड्यामागं जाते. तिथं गोबरगॅसची जुनी टाकी आहे. लोखंडी झाकण कधीच भंगारात गेलं, आता खड्ड्यात बाभळी उगवल्यात.

पाच घरांची सोसायटी होती ती, पंच्याऐंशी सालची. चार घरं त्यांच्या जातीची, पाचवं आमचं. आम्ही बौद्ध. योजनेत एक बाई पाहिजे होती आणि एक घर आमच्या वस्तीतलं पाहिजे होतं. माझ्या एका अंगठ्यात त्यांचं दोन्ही भागलं. पाचही घरांनी टाकीत शेण टाकायचं आणि नळीनं गॅस घ्यायचा, असं ठरलेलं. नळ्या टाकल्या तेव्हा मी माहेरी होते. परतल्यावर भारतचा बाप म्हणाला, नळी आपल्या घरापर्यंत पुरली नाही, आपल्याला गॅसच्या बदली टाकीतून निघणाऱ्या मळीचं खत मिळणार. मी म्हणाले बरं. रोज दोन पाट्या शेण डोक्यावर नेलं, तेरा वर्षं.

आणि नळी माझ्याच चुलीमागं, दीड वीत आत.

१ एप्रिल, सोमवार

सुग्रीव आला. म्हाळू त्याच्याकडंही कामाला जातो, म्हणजे बातमी चालत गेली.

"काय भिमामावशी, ओटा काय म्हणतोय?"

"ओटा गप हाय. तुझं काय काम हाय ते बोल."

त्यानं कागद काढला. सोसायटी म्हणे अजून दप्तरी जिवंत आहे. चार सभासद मेले, एक मी उरले. टाकीची जागा सोसायटीच्या नावावर. मी हक्क सोडला की ती त्याच्या नावावर होते आणि तो तिथं दुसरा बोअर घेतो. "पाणी काय मी एकटा पिणार हाय का, मावशी?" असं म्हणाला. पहिल्या बोअरला कुंपण कुणी घातलंय ते मी विचारलं नाही.

त्यानं सहीची जागा दाखवली. मी मात्र वरपासून बोट ठेवून वाचलं. मधे लिहिलंय, "संयंत्र बंद होईपर्यंत मी गॅसचा नियमित वापर केला असून माझी कोणतीही तक्रार नाही."

मी म्हणाले, चष्मा सापडेना. चष्मा नाकावर होता. त्यानं बघितला. मी त्याच्याकडं बघितलं. भारत म्हणाला, "कर की सही, आई." तेव्हा मी भारतकडं बघितलं. ह्याला सुग्रीवनं काय दिलंय, ते काढलं पाहिजे. नुसत्या बोअरच्या पाण्यावर माणूस इतका मऊ पडत नाही.

३ एप्रिल

म्हाळूला नळीचं तोंड मोकळं करायला लावलं. तोंडात बोळा होता, चुन्यात भिजवून ठोकलेला. बोळा आतल्या बाजूनं बसवलाय, म्हणजे आमच्या घरातून. वरून गिलावाही सफाईचा.

मला आधी सासूचा संशय आला. तिला नवं काही सोसायचं नाही. दोन तास मेलेल्या बाईला शिव्या दिल्या. मग चुना धुतला तर आत पंचाचा तुकडा निघाला, काठाला हिरवा दोरा. हिरवा दोरा मी घालायचे, वाळत घातलेले पंचे जावेच्या घरात जाऊ नयेत म्हणून. तो पंचा भारतच्या बापाचा.

सासूची माफी मागायला पाहिजे, पण ती दुसऱ्या कशात तरी दोषी असणारच.

४ एप्रिल

सुग्रीवचं पाणी आलं नाही. मोटर जळली म्हणे. त्याच्या मोसंबीला मात्र सकाळी पाणी चालू होतं, मालन बघून आली.

मालन अंगणात तीन दगडांवर भाकरी भाजते. धुरानं डोळे लाल. मला म्हणाली, "आत्याबाई, नळीचं काय ते लवकर मिटवा. मला ह्या उन्हात किती दिवस बसवणार हाय?" मी म्हणाले, "मी बसले न्हाई का?" ती म्हणाली, "तुमी बसला म्हणून मीबी बसू का?" सून तोंडाळ मिळाली आहे. माझ्याच वाटणीला अशा येतात.

६ एप्रिल, शनिवार

सारजाबाईकडं जाऊन आले. सुग्रीवची आई, मोहनरावाची बायको. त्या वेळचं जिवंत माणूस म्हणजे आता ती आणि मी. बाजेवर बसून काटकीसारखी वाळली आहे, पण कान शाबूत.

मी ओसरीवर चढून बसले. पूर्वी पायरीखाली उभं राहायचे. तिनं ते बघितलं.

"सारजाबाई, आमच्या भितीत नळी सापडली. बुजवलेली."

"सुग्रीव म्हणला."

"कुणी बुजवली?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत असतं तर ह्या उन्हात तुझ्या दारी काय आरती ओवाळाया आले का?"

ती हसली. एक दात आहे, तो दिसला. म्हणाली, "शहादेवानं. तुझ्या मालकानंच."

"तुमी सांगितलं म्हणून."

"न्हाई गं. सांगाया कुणी तोंडबी उघडलं न्हाई. माझी सासू म्हणली, त्यांच्या चुलीला लागलेली नळी आपल्या चुलीला नको. देवाचा निवद त्याच जाळावर व्हतो. बाकीच्या तीन घरांनीबी तेच धरलं. नळ्या उपटतो म्हणले. साहेब तपासाया यायचे व्हते, सोसायटी मोडायची पाळी आली. तवा शहादेव आपनहून आला. म्हणला, आमचं तोंड मी बंद करतो. शेण येत राहील, मळी मला द्या."

"आन् मला?"

"तुला कळू देऊ नका म्हणला. ती चवकात उभी राहून तुमच्या बापजाद्यांचं काढील, आन् मंग तुमी तिला गावात राहू देणार न्हाई. हात जोडले त्यानं, भिमे. इथंच, पायरीखाली."

म्हणजे नवरा मला घाबरत होता. बायकोच्या तोंडाला घाबरून घरातला गॅस बुजवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

"आन् सत्याऐंशीच्या दुष्काळात? तुमच्या गोठ्यात शेपूट न्हवतं उरलं. टाकी कशावर चालायची?"

ती पायाच्या बोटाकडं बघत बसली. "चहा व्हायचा तेवढा. तुझ्या म्हशींच्या शेणावर."

"शेण चाललं तुमाला?"

"शेण डोक्यावरनं येतं, भिमे. टाकीपाशी थांबतं. नळी चुलीपर्यंत जाती."

सरळ सांगितलं, लाजली नाही. मला तिचा राग यायला पाहिजे होता, तेवढा आला नाही, ह्याचाच राग आला. चहा घेतला नाही. कोणत्या कपात देते ते बघायची इच्छा होती, पण उठून आले.

७ एप्रिल

आता एकेक आठवतंय. भारतच्या बापानं लाकडं मला कधी फोडू दिली नाहीत. ऊस तोडायला जायचा, कारखान्यावरून सुट्टीला आला की पहिलं काम लाकडं बारीक करणं. अशी बारीक, की धूर कमी व्हावा. छपराला भोक पाडून पत्र्याचं धुराडं बसवलं. गावात कुणाच्या घरात नव्हतं तसं. बाया म्हणायच्या, भिमाबाईचा मालक लई हौशी. सत्याऐंशीला माणसाला खायला नव्हतं, तर हा कारखान्यावरून उसाचं वाढं डोक्यावर आणून माझ्या म्हशी जगवायचा. मी भाकरी थापायला बसले की उगाच दारात बसून राहायचा, धुरात, खोकत. मी म्हणायचे, बाहेर मरा की. तर बसूनच.

सगळी अपराध्याची कामं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

संध्याकाळी भारतला धरलं. "सुग्रीवनं तुला काय दिलंय?"

"काय न्हाई दिलं."

"मंग नळी बघून तुझं तोंड कशापायी उतरलं?"

शेवटी त्यानं बापाचं काढलं, "दादा जाताना बोलले व्हते. आईला कळू देऊ नको म्हणले."

"आणखी काय म्हणले?"

"धूर तिनं खाल्ला, म्हणले. दोनदा म्हणले. मंग बोलले न्हाईत."

मी म्हणाले, "खाल्लाच की. त्यात मरताना सांगण्यासारखं काय हाय?"

भारत उठून बाहेर गेला. डोळे पुसत होता का काय. कारकुनाच्या नोकरीनं माणूस नाजूक होतं.

९ एप्रिल

सुग्रीव आला. मी त्याच्या हातात माझा कागद दिला. स्वतः लिहिलाय, तीन वेळा खाडाखोड करून.

"मी भिमाबाई. सोसायटीच्या टाकीत तेरा वर्षे शेण टाकले. आमच्या घरी गॅस एक दिवस जळाला नाही. बाकीच्या चार घरांनी आमची नळी चालू होऊ दिली नाही. हे खरे आहे असे लिहून जागेवरचा हक्क सोडते."

सुग्रीव लाल झाला. "ह्ये लावलं तर माझ्या बापाची अब्रू जाती, मावशी."

"मंग लावू नको. जागाबी घेऊ नको."

"तुमाला जागा पाहिजे तर तसं सांगा ना."

"त्या खड्ड्यात मी काय बाभळी राखू? जागा तुला घे. माझ्या नावावर खोटं नको. आन् खाली साक्षीदार म्हणून तुझ्या आईचा अंगठा आण. त्याबिगर माझी सही न्हाई."

तो म्हणाला, आता ओट्याला पाणी कुठून आणता ते बघतो. तेव्हा मालन चुलीपासून उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अण्णा, भांडी विसळलेलं पाणी सिमेंटला चालतंय. आमच्याकडं भांडी हायेत." तो गेला. माझा कागद मात्र खिशात घालून गेला, हे मी बघितलं. जागा पाहिजेच आहे त्याला.

मालननं कधीपासून माझी बाजू घ्यायला सुरुवात केली, कळत नाही. काही मागायचं असणार.

१३ एप्रिल

कागद परत आला. अंगठा नाही. सुग्रीव दारातूनच म्हणाला, "आई म्हणती, अर्धं लिहिलंय. शहादेवाचं नाव कुठं हाय म्हणती. नळी आमी बुजवली न्हाई, त्यानं बुजवली. तेवढं लिहा, मंग अंगठा देते."

म्हातारी कच्ची नाही. तिला वाटलं, नवऱ्याचं नाव आलं की मी मागं सरकेन.

भारत हातापाया पडला. "आई, कागद आमच्याच हापिसात येणार. माझ्या टेबलावरनं जाणार. सगळे वाचतील, ह्याच्या बापानं स्वतःच्या घरातली नळी बुजवली. लोकांनी सांगितलं न्हाई तरी बुजवली. काय तोंड दाखवू मी?"

"मंग सुग्रीवचा कागद सही करू?"

"कोणताच नको. फाडून टाक."

फाडला तर बरं होतं. सुग्रीव गप, भारत गप, ओट्याचं काम सुरू. सगळ्यांचं भागतं. कागद उशाखाली ठेवलाय.

१४ एप्रिल

जयंती. विहारात गेले. भंतेजींच्या मागं पंचशील म्हणत होते. चौथ्याला जीभ अडली. ते खोटं न बोलण्याचं आहे. सत्तर वेळा म्हणलं असेल, कधी अडली नव्हती. शेजारच्या दगडाबाईनं कोपरानं ढोसलं, म्हणून पुढचं म्हणलं.

नवऱ्याचं गाळून लिहिलं तर सुग्रीवच्या कागदात आणि माझ्या कागदात फरक काय? अक्षर माझं वाकडं, एवढाच.

१६ एप्रिल

ओळ घातली. एवढीच:

"नळी माझे पती शहादेव यांनी आतून बुजवली. त्यांना कुणी तसे सांगितले नाही. सांगायची गरज पडली नाही."

शेवटचं वाक्य कसं सुचलं माहीत नाही. भारतनं वाचलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. त्यानं शेवटचं वाक्य परत वाचलं, कागदाची घडी केली आणि म्हणाला, "मी देऊन येतो." मी म्हणाले, "तू वाटंत फाडशील." तो म्हणाला, "चल मंग बरोबर." नाही गेले. मालनला त्याच्या मागं पाठवलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

सुग्रीवनं कागद आणून दिला. खाली निळा अंगठा. "झालं समाधान? करा आता सही." चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

अंगठा दिसायला अंगठ्यासारखाच. पण कुणाचा, हे अंगठ्यावर लिहिलेलं नसतं. ह्याला घरात दहा अंगठे सापडतील. मी म्हणाले, थांब. चप्पल घातली आणि त्याच्या पुढं त्याच्याच घरी गेले. तो मागं येत होता, "काय चाललंय मावशी, काय चाललंय," करत.

सारजाबाई बाजेवर होती. मी म्हणाले, "हात दाव."

तिनं डावा हात पुढं केला. काल मतदान झालं, तिलाही खुर्चीत बसवून नेलं होतं, म्हणून पहिल्या बोटाला काळी शाई होतीच. मी तिचं बोट बाजूला केलं आणि अंगठा उलटा करून बघितला. निळा होता. नखाच्या कडेत शाई बसली होती, रेघांतून कोरडी झालेली. कागद जवळ धरून ताडून बघितला. अंगठ्यावर कापल्याची आडवी खूण आहे, ती कागदावर तशीच उमटली आहे.

"पटलं?" ती म्हणाली.

"पटलं."

"मला वाचून दाखवलं न्हाई ह्यानं. काय लिहिलंयस, वाच."

मी वाचलं. सगळं. तिच्या सुना दारात येऊन उभ्या राहिल्या, सुग्रीव खांबाला धरून. शेवटच्या वाक्याला सारजाबाईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "खरं हाय. गरज पडली न्हाई." सुनेला म्हणाली, पेन आण.

मी तिथंच ओसरीवर बसून सही केली. मला पूर्ण नाव लिहायलाच शिकवलंय, भिमाबाई शहादेव जोगदंड. मधलं नाव लिहिताना हात जरा थांबला, तर सुग्रीव म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, पेन नीट चालंना. पेन चांगलं चालत होतं.